वाजव म्हटलं की वाजवायचं नाही

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलंय. चारदोन वाक्यं सरळ केली, बाकी हात लावलेला नाही.)

मला कवितेवर बोलायला बोलावलंय आणि मी हलगीवर बोलणार आहे. हे सांगितलं तेव्हा संयोजकांपैकी एकाचं तोंड उतरलं. म्हणाला, "अरे, ती तर आपण टाकली ना?" टाकली. म्हणूनच बोलायचंय.

मी गोदीत काम करतो. दहावी पास झालो, पुढचा फॉर्म भरायला पैसे नव्हते, मुकादमानं बोलावलं, गेलो. कंत्राटी. कंटेनरचं बरंचसं काम १९८९ नंतर खाडीपलीकडं न्हावा-शेव्याला गेलं. पण आमच्याकडं पोलादी पत्र्याची भेंडोळी अजून उतरतात. क्रेन उचलते, साखळी माणूसच लावतो. हाताला घट्टे पडलेत. ते दाखवून टाळ्या घ्यायला मी आलेलो नाही, पण त्या घट्ट्यांचा हलगीशी संबंध आहे. तो पुढं सांगतो.

आमच्या खोलीत मी लहान असल्यापासून एक लाकडाचं कडं होतं. फूटभर रुंद. त्यावर पाण्याचं मडकं बसायचं. मडक्याचं बूड गोल, म्हणून खाली कडं. आज्जी गावाहून मुंबईला आली तेव्हा भांड्यांबरोबर ते आलेलं. कडं मडक्यासाठीच असतं असं मला वाटायचं. सोळा-सतरा वर्षांचा असताना एकदा नाक्यावर मिरवणूक अडली होती. हलगीवाला हलगी उलटी करून घाम पुसत होता. आतून बघितलं तर तेच कडं. आमच्या मडक्याखालचं.

घरी येऊन बापाला विचारलं. बाप जेवत होता. हातातला घास हातातच राहिला. म्हणाला, "हलगीच आहे ती. कातडं तुझ्या पणज्यानं फाडलं."

पणजा गावचा वाजवणारा. सातारकडचं दुष्काळी गाव. जत्रा असो, पालखी असो, पाटलाच्या घरचं लगीन असो, पुढं हलगी पाहिजे. सरकारची दवंडी असली तरी हलगी पाहिजे. पण देवापुढं वाजवणारा देवळात जाऊ शकत नव्हता. नवरदेवापुढं कोसभर वाजवत जाणाऱ्याला जेवण मिळायचं शेवटच्या पंगतीनंतर, तेही अंगणाच्या कडेला, वरून वाढलेलं. मढ्याचा सांगावा, मेलेलं ढोर आणि हलगी, सगळं एकाच खात्यावर. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म घेतला. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. पण आमच्या पणज्यानं कायद्याची वाट बघितली नाही. दीक्षेनंतरच्या पहिल्याच जत्रेला बोलावणं आलं तसा तो चावडीपुढं गेला, हलगी गुडघ्यावर घेतली आणि विळ्यानं कातडं आडवं फाडलं.

त्यानंतर वर्षभर आमच्या घरचं दळण गिरणीत घेतलं नाही. दुकानात मीठ मिळालं नाही. आज्जी शेजारच्या गावाहून मीठ आणायची, ओच्यात लपवून.

मी विचारलं, मग कडं का ठेवलं? बाप म्हणाला, "तुझ्या आज्जीनं ठेवलं. लाकूड चांगलं होतं."

दोस्तहो, आमच्या पणज्यानं जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. "अरेरे, केवढी कला बुडाली" म्हणून गळा काढणारे शहाणे आता निघालेत. त्यांना मी विचारतो, त्या मिठाचं काय? तुमच्या आज्यानं मीठ कधी ओच्यात लपवून आणलं होतं का? वाद्य वाईट नव्हतं, वाजव म्हणणारा वाईट होता, हे आज मला कळतं. त्या दिवशी चावडीपुढं या दोघांना वेगळं काढत बसायला सवड नव्हती.

पण पुढची गोष्ट आपल्या सोयीची नाही. तीही ऐकून घ्या.

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला मातंग समाजाच्या खोल्या आहेत. तिथं एक आबा राहतात. उमेदीत तमाशाच्या फडात हलगी वाजवली, कोल्हापूर भागात कुस्तीच्या मैदानात वाजवली. मी ते कडं घेऊन त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, आबा, मला शिकवा. त्यांनी मला खालवर बघितलं.

"तुमी टाकली ते बरं केलं," म्हणाले. "पर गावाला वाजाप लागतंच. तुमी टाकली ती आमच्या गळ्यात आली. अन् मग तुमचीच पोरं आमाला हसाया लागली. हे बगा, अजून वाजवत्यात."

मी खाली मान घातली. दुसरं काय करणार? खरंच होतं. आपण मान ताठ केली तेव्हा शेजारच्या घरात कोण वाकलं ते वळून बघितलं नाही. आणि आजही १४ एप्रिलला आपल्या मिरवणुकीत डीजेच्या पुढं हौसेखातर हलगीचा ताफा लावतात. त्या ताफ्यात कोण असतं? भर उन्हात सहा तास वाजवून त्यांना ताट कितव्या पंगतीला मिळतं? मी दोन वर्षं मुद्दाम बघितलं. शेवटच्या. बाबासाहेबांच्या जयंतीला, दोस्तहो. आपल्या हातानं.

आबांनी विचारलं, "शिकायचीय का भिताडाला टांगायचीय?" मी म्हटलं, शिकायचीय. तेव्हा म्हणाले, "मग आदी जुन्या बगून ये."

म्हणून मी जुन्या हलग्या गोळा करायला लागलो. हा माझा छंद नाही, शाळा आहे. आज माझ्याकडं ९ आहेत. त्यातल्या ४ वाजतात, बाकी नुसती कडी. दोन भंगारवाल्याकडून आल्या, वजनाच्या भावानं. एक चोर बाजारात मिळाली. तिथं ती पितळी दिव्याशेजारी टांगली होती आणि दुकानदार मला सांगत होता की हॉटेलवाले भिंतीला लावायला नेतात. त्यानं अडीच हजार सांगितले. ज्यानं ती विकली असेल त्याला दोनशे तरी मिळाले असतील का? मी घासाघीस करून हजाराला आणली. चार पाळ्यांचे पैसे गेले. बाकीच्या गावाकडून, वाजवणाऱ्यांच्या घरातून. अशा घरातून आणली की मी वहीत वाजवणाऱ्याचं नाव, गाव, कुणाकडून शिकला, कुठं वाजवली हे लिहून घेतो. पैसे देतो. आणि घरातल्या पोराला शिकायचं असेल तर हलगी आणत नाही, तिथंच ठेवतो.

जुनी हलगी ओळखायची कशी? आता बाजारात मिळते ती लोखंडी रिंगची, नटबोल्टची, वर प्लास्टिकचा पडदा. पावसात उतरत नाही, शेकावी लागत नाही, स्वस्त पडते. तिला मी नावं ठेवत नाही. पोटासाठी वाजवणाऱ्याला पावसाळ्यात तीच परवडते. जुनी हलगी लाकडी कड्याची, वर बोकडाचं पातळ कातडं. कडं फिरवून सांधे बघायचे. माझ्याकडच्या एकीचा सांधा तडकल्यावर लोहारानं पट्टी ठोकलीय, खिळ्यांची डोकी हातानं घडवलेली, एकासारखं दुसरं नाही. दुसरीचं कातडं चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेलं, कडेला ती पिवळी पापुद्र्यासारखी दिसते. जुनं कातडं फाटलं नसेल तर बदलायचं नाही. दुकानदार ते घासून चकचकीत करतात. म्हणजे पुस्तक धुऊन टाकतात.

कारण सगळं त्या डागात असतं. उजव्या हातातलं जाड टिपरू जिथं रोज पडलं तिथं कातडं काळपट, गुळगुळीत होतं. डाव्या हातातली लांब बारीक काडी काठाजवळ पडते, तिथं बारीक रेघा उठतात. कड्यावर डावं मनगट टेकतं, तिथं लाकूड खोलगट होतं. कच्च्या माणसाच्या हलगीवर डाग सगळीकडं पसरलेला असतो. पक्क्या माणसाचा डाग रुपयाएवढा. आबांनी मला एका जुन्या हलगीवरचा तो रुपया दाखवला आणि म्हणाले, "आता तुज्या हलगीवर खडू लावून वाजीव." मी टिपऱ्याला खडू फासून पाच मिनिटं वाजवली. माझा डाग भाकरीएवढा झाला होता. आबा हसले नाहीत. म्हणाले, "भाकरीचा रुपया करायचा. एवडंच शिक्शान."

आता हाताचं सांगतो. तुमच्यापैकी जे शिकतील त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट मूठ. गोदीत साखळी धरायची तर मूठ घट्ट पाहिजे. सैल सोडली तर बोटं जातात. मी टिपरूही तसंच धरायचो. दहा मिनिटांत मनगट भरून यायचं आणि आवाज दगडावर दगड मारल्यासारखा. आबा म्हणाले, चिमणी धरल्यागत धर. अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्यावर टिपरू तोलायचं, बाकीची बोटं नुसती सोबतीला. टिपरू कातड्यावर आपटायचं नाही, टाकायचं. कातडं त्याला परत वर फेकतं. ती उसळी अडवायची नाही, पुढच्या ठोक्याला वापरायची. निम्मी मेहनत कातडंच करतं. घट्टे पडलेल्या हाताला हे शिकायला मला आठ महिने लागले.

दुसरी गोष्ट डावा हात. सगळ्यांचा डावा चोर असतो. रोज पहिली पंधरा मिनिटं फक्त डावा. मोबाईलवर ठेका देणारं यंत्र फुकट मिळतं. मिनिटाला ६० वर लावायचं, एका टिकटिकीत चार ठोके, सगळे सारखे. आठवडाभर सारखे पडले तरच ६५. पोरं पहिल्याच दिवशी १२० वर पळतात आणि मग जन्मभर अडखळतात.

तिसरी गोष्ट हात बदलण्याची. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. हे मला हलगीनं नाही, अमेरिकेतल्या ढोलवाल्यांनी शिकवलं. त्यांनी १९३३ साली एकत्र येऊन १३ मूळ ठोके ठरवले, पुढं ते २६ झाले, १९८४ साली ४० ची यादी झाली. पोरगा कुठल्याही गावातला असो, यादी हातात, सराव सुरू. आपल्या हलगीच्या किती चाली आहेत? कुस्तीची वेगळी, लेझमीची वेगळी, जत्रेची वेगळी, तमाशात ढोलकीशी जुंपते तेव्हाची वेगळी. कुठं लिहिल्यात? म्हातारी माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर जातात. मी आबांच्या १७ चाली मोबाईलवर घेतल्यात आणि वहीत उ-डा करून लिहिल्यात.

चौथी गोष्ट हळू वाजवणं. आबा म्हणतात, "जोरात कोनबी वाजीवतंय. हळू वाजीवून दाव." तान्हं पोर झोपेतून उठणार नाही इतकं हळू आणि तरी प्रत्येक ठोका स्वच्छ. हे आलं की जोर आपोआप येतो. चाळीत सराव करायचा तर जाड रबराच्या तुकड्यावर करा, शेजारी शिव्या देणार नाहीत. आणि कानात कापूस घाला. हलगी कानाजवळ वाजते. आबांना आज उजव्या कानानं ऐकू येत नाही.

हलगी सांभाळायचीही रीत आहे. कातडं हवेतलं पाणी पितं आणि सैल पडतं. मग हलगी 'भद्' बोलते. म्हणून शेकायची. आच दुरून, हलगी फिरवत फिरवत, मधूनमधून बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा. चढला की बस. लोभ केला तर कातडं करपतं, तडकतं. समुद्राच्या हवेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकाल तर बुरशी येईल. सुती कापडात, कडुलिंबाचा पाला घालून, हवेशीर ठेवा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण पणज्यानं फाडलेलं तू परत शिवतोस, मग काय राहिलं? मलाही रात्र रात्र हा प्रश्न पडला. तेव्हा मी दुसऱ्यांकडं बघितलं.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. म्हणून त्या काळ्या माणसांकडं आधी बघितलं. १७३९ साली साऊथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत, निशाण घेऊन चालले. बंड चिरडलं गेलं. पुढच्याच वर्षी, १७४० साली, मालकांनी कायदा केला, गुलामांनी ढोल बाळगायचा नाही, वाजवायचा नाही. म्हणजे बघा. तिथला मालक म्हणाला वाजवू नको, इथला म्हणाला वाजव. दोघांनाही एकच गोष्ट हातात पाहिजे होती. कधी वाजवायचं आणि कधी नाही, हे ठरवण्याचा अधिकार. तिथं वाजवणं हे बंड होतं आणि इथं फाडणं.

मग तमिळनाडूकडं बघितलं. तिथली परै आपल्या हलगीची सख्खी बहीण. इंग्रजीत बहिष्कृताला 'पॅरिया' म्हणतात तो शब्द ती वाजवणाऱ्या जातीच्या नावावरून गेलेला. शिवीच झाली ती जगभर. तिथंही कैकांनी प्रेतापुढं परै वाजवायला नकार दिला, मार खाल्ला. आणि तिथंच त्यांच्या पोरांनी ती परत उचलली, मोर्चात, सभेत. दिंडिगलला शक्ती नावाच्या केंद्रातल्या दलित मुली ती वाजवतात. आधी पुरुषांचंच वाद्य होतं ते. २०२५ साली मदुराईच्या वेलू आसान या परै वाजवणाऱ्याला पद्मश्री मिळाली. सरकारी बिल्ला हे माझं माप नाही. पण त्यानं नाव मिळवलं, आणि आपल्याकडं हलगीवाल्याला अजून "ए हलगी" म्हणून हाक मारतात.

आपल्याकडंही वाट नवी नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तिथली वाद्यं पाटलाच्या सांगण्यावरून वाजत नव्हती. काय सांगायचं ते वाजवणाऱ्यानंच ठरवलेलं होतं.

तरी माझ्या बापाला हे पटत नाही. मी पहिली हलगी घरात आणली तेव्हा तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मी शिकलेलं सगळं सांगितलं, कॅरोलायना सांगितलं, तमिळनाडू सांगितलं. तो एकच बोलला, "उद्या गावानं बोलावलं तर जाशील?" मी म्हटलं नाही. "पैसे दिले तर?" मी गप्प राहिलो. पाळी मिळत नाही तेव्हा पैशाला नाही म्हणणं सोपं नसतं, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. तो प्रश्न अजून आमच्या घरात तसाच आहे. मी इथं तो सुटल्याची बतावणी करणार नाही.

पण एक झालं. ते मडक्याखालचं कडं मी आबांना दाखवायला नेलेलं. त्यांनी दोरीचं भोक बघितलं, कातडं कुठल्या अंगाला होतं त्याची खूण बघितली, मग कड्यावरून अंगठा फिरवला. एका जागी लाकूड खोलगट होतं. मी म्हटलं, मडक्यानं झिजलं असेल. म्हणाले, "मडकं सगळीकडं सारकं झिजवतंय. हे मनगाट हाय. पर उलट्या अंगाला. तुजा पणजा डावरा व्हता."

रात्री घरी जाऊन मी बापाला विचारलं. पणज्याचा फोटो नाही. त्याचं सही-अंगठ्याचं कागदपत्र नाही. बाप बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हां. डावरा होता. भाकरी डाव्या हातानं खायचा म्हणून लोक हसायचे. तुला कुणी सांगितलं?"

मी कडं पुढं केलं. बापानं त्या खोलगट जागेवर आपलं मनगट टेकवलं. मग उठला आणि मडकं परत त्याच्यावर ठेवलं.

ते कडं आजही मडक्याखालीच आहे. त्याला मी कातडं चढवणार नाही. पणज्यानं फाडलेलं फाडलेलंच राहील, तो त्याचा निर्णय होता. मी वाजवतो ती दुसरी, मी हजार रुपये मोजून घेतलेली.

आता सांगायचं ते इतकंच. घरी जाऊन माळे बघा. फुटकं डफडं, दिमडी, संबळाचं खोड, नुसतं कडं, जे सापडेल ते टाकू नका, विकू नका. वाजवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पोरींनाही शिकवा. शिकायचं तर रोज शिका, कच्चं वाजवून म्हाताऱ्यांची लाज काढू नका. गावानं, मंडळानं, पुढाऱ्यानं वाजव म्हटलं की वाजवायचं नाही. आणि येत्या १४ एप्रिलला जे हलगीवाले येतील त्यांना आधी नावानं हाक मारा, पूर्ण मजुरी द्या आणि पहिल्या पंगतीला बसवा. वाढायला मी असेन. तुम्हीही या.

जय भीम.